गरज पडली तर या

आमच्याकडे केसपेपरवर शेवटी एक ओळ लिहायची पद्धत होती: ‘फॉलो-अप एसओएस’. म्हणजे गरज पडली तर या. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी सव्वीस वर्षं समाजसेविका म्हणून काढली. ही ओळ किती कागदांवर लिहिली असेल, हिशेब नाही. लिहिताना बरं वाटायचं. पेशंट सुधारला, आता दर मंगळवारी रांगेत बसायला नको. निवृत्तीच्या आदल्या वर्षी असाच एक कागद माझ्या टेबलावर परत आला. अक्षर माझंच होतं, तारीख २००३ सालची.

तो घेऊन आलेली बाई सत्तेचाळीस वर्षांची. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) धायरीहून स्कूटरवर आली होती. पुण्यात मे महिन्यात स्कूटरवर फुल बाह्या आणि तोंडाला स्कार्फ हे काही लक्षण नव्हे. पण पंख्याखाली बसल्यावरही तिनं बाह्या वर केल्या नाहीत, तेव्हा मी समजायचं ते समजले. पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरातून तिनं तो कागद काढला आणि म्हणाली, “मॅडम, मी तर पास झाले होते ना?”

झाली होती. सव्विसाव्या वर्षी ती आली तेव्हा निदान होतं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा एक विकार. मोडलेला साखरपुडा, दोनदा इमर्जन्सी, आईशी रोजची रणं. पण ती टिकून राहिली, उपचारांना येत राहिली, आणि हळूहळू सगळं निवलं. मग लग्न, पतसंस्थेत नोकरी, एक मुलगी. अठरा-एकोणीस वर्षं तिला कुणी ‘पेशंट’ म्हणावं असं काही घडलं नाही. मग एका वर्षात आई गेली, मुलगी बेंगळुरूला हॉस्टेलवर गेली, पाळीचं चक्र बिघडलं आणि झोप उडाली. एका रात्री तिनं मुलीला चौदा फोन केले. सकाळी मुलीला ब्लॉक केलं, दुपारी अनब्लॉक करून माफीचे पाच मेसेज पाठवले, संध्याकाळी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना ‘उद्यापासून येणार नाही’ म्हणून कळवलं. नवरा सोबत आला होता. तसा भला माणूस. तो एवढंच म्हणाला, “हिचं परत सुरू झालंय.”

या वाक्यातल्या ‘हिचं’ या शब्दावर माझा सगळा आक्षेप आहे.

आपल्या आज्या ‘ताप उलटला’ म्हणायच्या. विषमज्वर उतरतो, माणूस पेज प्यायला लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी ताप पुन्हा चढतो, हे त्यांना ठाऊक होतं. उलटला तो ताप. आजारी माणसानं काही उलट केलं असं कुणाच्या मनातही येत नसे. व्यक्तिमत्त्वाचा विकार उलटला की मात्र दुखणं बाजूला राहतं आणि माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ‘नाटकं’, ‘लक्ष वेधायला करते’, ‘या वयात शोभतं का’. हे शब्द घरचेच वापरतात असं नाही. ड्यूटीरूममध्ये चहा पिताना आम्हीही वापरलेत.

या विकाराचं नावच मुळात घोटाळ्याचं. १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकानं काही रुग्ण न्यूरोसिस (वास्तवाचं भान असलेलं मनाचं दुखणं) आणि सायकोसिस (भान सुटलेलं) यांच्या सीमेवरचे वाटतात म्हणून ‘बॉर्डरलाइन’ शब्द वापरला. ती कल्पना केव्हाच मागे पडली. १९८०मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत विकार शिरला तो हेच नाव घेऊन. आपल्याकडे ‘बॉर्डरलाइन’ म्हटलं की लोकांना शुगर आठवते. एक वडील मला म्हणाले होते, “बॉर्डरलाइनच आहे ना? म्हणजे अजून झालेला नाही. पथ्य पाळलं की जाईल.” प्रत्यक्षात हा चांगला पूर्ण झालेला आजार आहे. भावना सेकंदात उसळतात आणि तासन्‌तास खाली येत नाहीत. आपलं माणूस सोडून जाईल ही भीती इतकी, की त्या भीतीपायीच त्याला दूर लोटलं जातं. आतलं पोकळपण, राग, स्वतःला इजा, ‘मी नक्की कोण’ याचा पत्ता नसणं, असे नऊ निकष आहेत. त्यातले पाच जुळले की निदान होतं.

आणि पाचाचे चार झाले की निदान गळतं. हे नीट लक्षात घेतलं पाहिजे, कारण आपल्या ‘बरं होण्या’च्या कल्पनेतली मेख इथेच आहे. चार निकष शिल्लक असलेली बाई कागदोपत्री मोकळी होते. ती संसार करते, मस्टरवर सही करते, गणपतीत उकडीचे मोदक वळते. शिल्लक काय राहतं? बॉस्टनजवळच्या मॅकलीन रुग्णालयात मेरी झॅनरिनी यांच्या गटानं १९९२पासून २९० रुग्णांचा दर दोन वर्षांनी मागोवा घेतला. त्यातून दिसलं की स्वतःला इजा करण्यासारखी उग्र लक्षणं लवकर ओसरतात. पोकळी, राग, एकटं पडण्याची भीती ही स्वभावात मुरलेली लक्षणं रेंगाळतात. म्हणजे वरची ज्वाळा विझते, निखारा राखेखाली असतो. वीस वर्षांनी वारा सुटला तर आश्चर्य कसलं?

पण घाबरवायचा माझा हेतू नाही, आणि तोच अभ्यास घाबरू देतही नाही. सोळा वर्षांत जवळजवळ सगळ्यांना किमान दोन वर्षांचा आराम मिळाला होता. आराम दोनच वर्षांचा असेल तर दुखणं उलटण्याचं प्रमाण ३६ टक्के. तोच आठ वर्षं टिकला असेल तर १० टक्के. जितकी बरी वर्षं जास्त, तितकी जमीन घट्ट. माँट्रियलमध्ये जोएल पॅरिस यांनी सत्तावीस वर्षांनी आपले जुने रुग्ण शोधून काढले. ते तेव्हा पन्नाशीला आलेले होते. भेटलेल्या ६४ जणांपैकी निदानात बसणारे फक्त पाच निघाले. मात्र त्याच अभ्यासात मूळ गटातल्या सुमारे दहा टक्के लोकांनी आयुष्य संपवल्याचंही दिसलं, आणि त्यांचं त्या वेळचं सरासरी वय ३७ होतं. ‘विशीतला उथळपणा, तिशीत उतरतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

तेव्हा मध्यमवयात दुखणं उलटणं हा नियम नव्हे, अपवाद आहे. पण तो अनपेक्षित अपवाद नाही, आणि माझं भांडण तिथंच आहे. ज्याची शक्यता आपल्याला ठाऊक आहे त्याची तयारी आपण शून्य ठेवतो.

चाळिशी-पन्नाशीत माणसाच्या पायाखालून काय काय काढून घेतलं जातं ते पाहा. ज्या आईशी भांडत भांडत ती सावरली, ती आई जाते. मुलं घर सोडतात, आणि सोडणं हाच तर या विकाराचा दुखरा दात. नवऱ्याला बढती मिळते, तो रात्री नऊला येतो. स्त्रियांच्या बाबतीत त्यात शरीराची भर. भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. झोप मोडते, चिडचिड वाढते. झोप मोडलेल्या माणसाचा भावनांवरचा लगाम सुटतो, हे सांगायला संशोधन लागत नाही. या हेलकाव्यांचा बॉर्डरलाइनच्या लक्षणांशी काय संबंध आहे, यावरचा अभ्यास आत्ता कुठे वाढतोय. पण माझ्यासमोर त्या वयात परत आलेल्या बायकांपैकी एकीलाही तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं ‘पूर्वी कधी मनाचे उपचार घेतले होते का’ असं विचारलेलं नव्हतं. आणि आम्ही? आम्ही कधी पाळीबद्दल विचारलं नाही. दोन ओपीडींमध्ये एक जिना होता.

पुरुषांबद्दल एकच सांगते. रुग्णालयात बायका जास्त दिसतात, पण अमेरिकेतल्या एका मोठ्या लोकसंख्या सर्वेक्षणात दोघांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. मग आपल्याकडचे पुरुष कुठे असतात? ‘तापट’ म्हणून ऑफिसात, नाहीतर दारू सोडवायच्या केंद्रात.

वय वाढलं की लक्षणांचं रूपही बदलतं, त्यामुळे ओळखणं अवघड जातं. पन्नाशीची बाई दार आपटून घराबाहेर पडत नाही. ती जेवण सोडते, चार महिने भावाशी बोलत नाही, कर्ज काढून सोनं घेते, पाठदुखीसाठी सहा डॉक्टर पालथे घालते. डॉक्टर वय बघतात आणि ‘डिप्रेशन’ लिहितात. कधी ते बरोबरही असतं. लक्षणं पहिल्यांदाच पंचेचाळिशीत आली असतील, मागे काहीच इतिहास नसेल, तर थायरॉईड, बायपोलर, दारू, क्वचित मेंदूचा आजारही तपासायलाच हवा. म्हणून तर मागचा इतिहास महत्त्वाचा. आणि मागचा इतिहास असतो कागदावर.

तो कागद कुठे असतो? वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या. तीन! जो विकार विसाव्या वर्षी येऊन पन्नाशीत डोकं वर काढू शकतो, त्याच्या नोंदीचं बंधन तीन वर्षांचं. ओपीडीच्या बाडांची काय कथा. मी त्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये गेले. २००३चे गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले होते. तिनं स्वतः तो एक कागद पासबुकासारखा जपला म्हणून आम्हाला काहीतरी कळलं. नाहीतर तिची गोष्ट शून्यापासून सुरू झाली असती, आणि बॉर्डरलाइनच्या माणसाला सगळ्यात नकोसं काय असेल तर नव्या अनोळखी माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं उलगडून सांगणं.

आता एका म्हणीकडे येते. ‘स्वभावाला औषध नाही.’ गंमत अशी, की शब्दशः घेतलं तर म्हण खरी आहे. या विकारावर म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आजवर नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००९च्या मार्गदर्शिकेनं तर या विकारासाठी म्हणून गोळ्या देऊच नका असं सांगितलं. सोबत दुसरा आजार असेल तर त्याच्यासाठी द्या. उपाय आहे तो शिकवणीसारखा. मार्शा लिनेहान यांनी सिएटलमध्ये डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी उभी केली. १९९१मध्ये तिची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला एकट्यानं एक बैठक, गटात एक वर्ग, मध्ये अडलं तर फोन. वर्षभर शिकायचं काय, तर भान ठेवणं, भावना आवरणं, संकटात काही न बिघडवता तग धरणं, आणि माणसांशी न तोडता मागणं. या लिनेहान बाईंनीच २०११मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जाहीरपणे सांगितलं की आपण तरुणपणी अशाच वॉर्डात होतो.

म्हणजे स्वभावाला औषध नाही, सराव आहे. आणि सराव सुटतो. माझ्या पेशंटनं तिसऱ्या भेटीत स्वतःच सांगितलं, “मॅडम, सायकल विसरले नाहीये मी. चेन पडलीये.” चेन पडलेल्या माणसाला आपली व्यवस्था काय सांगते? पहिलीपासून सायकल शिका, पूर्ण वर्षाचा कोर्स घ्या, नाहीतर चालत जा. मधला पर्यायच नाही. पाच-सहा उजळणीच्या बैठकी देणारं कुणी, जुनं शिकलेलं धरून पुढे नेणारं कुणी, हे पुण्यासारख्या गावातही शोधावं लागतं. खासगीत एका बैठकीचे हजार-दीड हजार सहज होतात. पतसंस्थेतल्या पगारात ते बसवून दाखवा.

विमा आहे ना, असं कुणी म्हणेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २०१८च्या मेपासून लागू झाला, आणि त्याच्या एकविसाव्या कलमात शरीराच्या आजारांइतकंच मनाच्या आजारांना विमासंरक्षण द्या असं स्पष्ट म्हटलं आहे. चांगला कायदा आहे. पण आपल्याकडचा मेडिक्लेम मुख्यतः खाट पकडल्यावर जागा होतो. या विकाराचा उपचार खुर्चीवर बसून, बोलून होतो. परिणाम असा की बाई रुग्णालयात दाखल होण्याइतकी बिघडली तर पैसे मिळतील, बिघडू नये म्हणून आली तर स्वतःच्या पर्समधून. समानता म्हणून दोन्ही आजारांना खाट दिली. पण ज्याला खाट लागतच नाही त्याचं काय? बाह्यरुग्ण मानसोपचाराला वर्षाला ठरावीक बैठकींचं संरक्षण सक्तीचं केल्याशिवाय त्या कलमाला या लोकांपुरता अर्थ नाही.

भीती पैशाचीच असते असंही नाही. लपवण्याचं दुसरं कारण कोर्टाचं. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण म्हणून आहे, आणि १९७६च्या दुरुस्तीनं त्यात ‘सायकोपॅथिक डिसऑर्डर’ हा शब्दही आला. सर्वोच्च न्यायालयानं १९८८मध्येच सांगितलं आहे की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी तीव्रता सिद्ध करावी लागते. पण हे शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्याला वकील सांगतो, आधी कुणी सांगत नाही. म्हणून बायका जुना कागद फाडून टाकतात. माझी पेशंट सांगत होती, तिनंही एकदा काडी ओढली होती, मग ठेवून दिला.

याच गावात, आमच्या विभागापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, उलटण्याची सोय कशी करतात याचा धडा चाळीस वर्षं गिरवला जातोय. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये येरवड्याला, मनोरुग्णालयाच्याच आवारात, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनमुक्तीच्या जगात ‘स्लिप’ हा शब्द किती साधेपणानं वापरतात ते ऐकावं: “मध्ये एक स्लिप झाली, परत आलो.” तिथं बरं होणं म्हणजे प्रमाणपत्र नसतं, पाठपुराव्याच्या सभा असतात. पत्नींसाठी ‘सहचरी’सारखा गट असतो. आलेल्याला कुणी ‘परत का आलास’ म्हणत नाही. न येणाऱ्याची काळजी करतात. मुक्तांगणची ही रीत आम्ही मनोविकारवाल्यांनी शेजारी राहून उचलली नाही. आम्हाला डिस्चार्ज आवडतो.

आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांशी यावर माझा वाद झाला. ते म्हणाले, “सकाळी एकशेवीस पेशंट बघतो, वीस वर्षांपूर्वीच्याला कुठून फोन करू?” दुसरा मुद्दा त्याहून वजनदार होता: “वीस वर्षं सुखानं जगलेल्या बाईला ‘तुझं पुन्हा उलटू शकतं’ असं सांगून तिच्या मानेवर लेबल कायमचं का टांगायचं?” पहिल्याला उत्तर सोपं आहे. फोन तुम्ही करूच नका, तिला येता येईल एवढं करा. दुसऱ्यावर मी बरेच दिवस अडले. लेबलानं माणसं मोडलेली मी पाहिली आहेत. पण न सांगण्यानं लेबल जातं कुठे? ते तिच्या नवऱ्याच्या तोंडात ‘हिचं परत सुरू झालंय’ होऊन बसतं. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणानं तर या विकारांची जुनी कप्पेबंदी मोडून सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या केल्या आहेत. बॉर्डरलाइन ही त्यातली एक छटा म्हणून नोंदवायची. पायरी म्हटलं की चढउतार आलाच. दम्याच्या माणसाला पंप खिशात ठेवायला सांगताना आपण त्याचं आयुष्य नासवतोय असं कुणाला वाटत नाही.

तर माझी मागणी छोटी आहे, आणि खर्चाची म्हणाल तर एका पानाची. उपचार संपवताना पेशंटच्या हातात त्याच्या भाषेतला एक परतीचा कागद द्या. काय झालं होतं, कशानं बरं वाटलं, उलटायला लागलं तर आधी काय दिसेल, आणि दिसलं तर कुठे, कुणाकडे. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ त्यावर असू द्या. २०२२पासून हा सरकारी नंबर फुकट चालतो. स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागणं हा २०१७च्या कायद्यानं रुग्णाचा हक्कच आहे, पण हक्क मागायला रद्दी होण्याआधी यावं लागतं. आणि परत येणाऱ्यासाठी नव्या पेशंटच्या रांगेपेक्षा वेगळी, छोटी रांग ठेवा. घरच्यांनाही कागद वाचून दाखवा, कारण वीस वर्षांनी तो घरचा माणूस बदललेला असतो: तेव्हा आई होती, आता अठरा वर्षांची मुलगी आहे, आणि रात्री दोनला वाजणारा फोन तिच्या उशाशी आहे. त्या पोरीला कुणी सांगितलंय का, की फोन सायलेंटवर टाकणं म्हणजे आईला टाकणं नव्हे?

‘एसओएस’मध्ये चूक काय होती ते मला उशिरा कळलं. गरज पडली तर या, असं मी लिहिलं. गरज पडली हे कशावरून ओळखायचं, ते लिहिलं नाही. ज्या आजारात गरज आणि लाज एकदमच उगवतात, त्या आजारात ही ओळ म्हणजे दार लोटून घेणं होतं. ती म्हणालीच, “गरज पडली म्हणजे नापास झाले, असं वाटायचं. म्हणून सात महिने आले नाही.”

आता ती बरी आहे. आठ बैठका लागल्या. तिचा परतीचा कागद आम्ही दोघींनी मिळून लिहिला. शेवटच्या दिवशी मी मसुदा पुढे ठेवला: ‘झोप मोडणं, फोन लावत राहणं, अचानक नोकरी सोडावीशी वाटणं, असं दोन आठवडे चाललं तर या.’ तिनं माझ्याच हातातलं पेन घेतलं, ‘दोन आठवडे’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘चार दिवस’.

“दोन आठवड्यांत मी राजीनामा देऊन मोकळी होते, मॅडम,” ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून पासबुकाच्या कव्हरात सरकवला.